दोन माठांचं विलीनीकरण

जळगाव
आषाढ वद्य पंचमी
(बँकेच्या भाषेत १५ जुलै २०२५)

श्रीमती सुलक्षणा देवरे मॅडम यांस,
प्रेमराज भंगाळे याचा नमस्कार.

आपण कुशल असालच. गुडघा सोडला तर मीही कुशल आहे. तो मी धुळे शाखेच्या जिन्यात मुदत ठेवीत ठेवून आलो होतो. दर पावसाळ्यात त्याचं व्याज न मागता मिळतं.

फोन सोडून पत्र का, असं मनात येईल. फोनवर आपण 'बोला साहेब' म्हणता आणि मला पुढचं सुचत नाही. व्हॉट्सअॅपवर लिहावं, तर दोन खुणा निळ्या झाल्या की माणूस उत्तराची वाट बघत बसतो. पत्राचं बरं असतं. पोचलं नसेल, अशी आशा तरी राहते.

आता काम. परवा चेअरमन बन्सीलालनानांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "भंगाळे, तू संस्कृतचा एम. ए. ना? मग बँकेचा इतिहास तूच लिही." या 'मग'चा अन्वय मला अजून लागलेला नाही. पण बँकेत संस्कृतचा काय उपयोग, हे मी नोकरीभर शोधत होतो आणि नानांना ते चहा निवायच्या आत सापडलं.

घाई यासाठी, की आपली सूर्यकन्या बँक पुढच्या वर्षी नाशिकच्या मोठ्या बँकेत विलीन होणार, हे आता नक्की झालं. त्याआधी स्मरणिका निघाली पाहिजे. नाना म्हणतात, "पोरगी सासरी जायच्या आधी फोटो काढून ठेवतात ना, तसं." प्रत्येक प्रकरणात नानांचाही एक फोटो असावा, अशी त्यांची माफक अपेक्षा आहे. बँक स्थापन झाली तेव्हा ते चौथीत होते, हे मी अदबीनं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मग चौथीतला टाक."

इतिहास तसा सोपा आहे. जळगावच्या डाळमिलवाल्यांनी एका मिलच्या मागच्या खोलीत सूर्यकन्या काढली. जुने लोक सांगतात, सुरुवातीच्या पासबुकांना तूरडाळीचा वास यायचा. पुढे तिनं रावेरची कदली बँक पोटात घेतली. कदली म्हणजे केळ. केळीवाल्यांनी काढलेली, आणि मी मूळचा तिथला. ज्या दिवशी आमची पाटी उतरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक आबा ट्रॅक्टर दारात लावून मलाच विचारत होते, "केयाची बँक कुठं गेली रे भाऊ?" मी बँकेच्या दारात उभा राहून त्यांना पत्ता सांगू शकलो नाही. तिसरी आली आपली, धुळ्याची सौभाग्य महिला बँक.

संस्कृतात याला संधी म्हणतात. दोन स्वर शेजारी आले की मिळून एक होतात, आणि बहुधा एकाचा आवाज जातो. शाळेत मी हे नियम तोंडपाठ म्हणून दाखवायचो. ज्याचा आवाज जातो त्याला कसं वाटतं, हे पुस्तकात नव्हतं.

तर सौभाग्यचं प्रकरण आपल्याशिवाय लिहून होणार नाही. बँक काढली कुणी, नाव कुणी ठेवलं, आणि त्या दोन माठांचं लिहावं की नाही, एवढं कळवावं.

जाता जाता एक. आपल्या जुन्या धुळे शाखेचा हिलाल शिपाई काल फोनवर म्हणाला, "ताई सुरतले जाई ऱ्हायनी, साहेब. कायमनी." चिरंजीव चंदन घेऊन जाणार आहे आणि राखीनंतर सामानाची गाडी ठरली आहे, असंही म्हणाला. चांगलंच आहे. मुलगा गुणी आहे, सूनबाई कामिनी समजूतदार आहे, नातू आहे.

यावर आणखी थोडं लिहायचं होतं, पण कागद संपला.

आपला विश्वासू,
प्रे. गो. भंगाळे


जळगाव
आषाढ अमावस्या, २४ जुलै

सुलक्षणा मॅडम यांस,
स. न.

पत्र मिळालं. पोस्टमननं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "सर, बिल नाही, नोटीस नाही. खरोखरचं पत्र आहे." आमच्या कॉलनीत ही बातमी झाली.

आपण पहिल्याच ओळीत लिहिलंत: "कागद संपला म्हणता, पण मागची बाजू कोरी होती. संस्कृतात मागच्या बाजूला लिहीत नाहीत का?" आरोप मान्य. आमच्याकडे भूर्जपत्राच्या काळापासून ही काटकसर चालत आली आहे.

सौभाग्यचा मजकूर जसाच्या तसा घेतो आहे. मला तुमच्याइतकं चांगलं लिहिता येत नाही. माझ्या वाक्यांना अजून विभक्तीचा वास येतो. पतीच्या माघारी तुम्ही नोकरीला लागलात, सासूबाईंना बँकेचं नाव सांगितलंत, 'सौभाग्य', आणि त्या माउली हसल्या. घरातलं ते दुःखानंतरचं पहिलं हसू, आणि मग दोघी हसता हसता रडलात. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि डाळीला फोडणी घातली. वरण करपलं. ते तुमच्या खात्यावर.

बँकेला गावात सगळे 'बायास्नी बँक' म्हणायचे हेही घातलं आहे. परवा माझा भाचा धुळ्याला गेला होता. रिक्षावाल्याला सूर्यकन्या बँक म्हटलं तर तो बघतच राहिला. मग म्हणाला, "बायास्नी बँक का? अशी सांगा ना!" पाटी बदलली तरी रिक्षावाल्याच्या तोंडून नाव जायला एक पिढी लागते, असं एक वाक्य मी इतिहासात टाकलं आहे. नानांनी त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं आहे.

आता माठ. हे प्रकरण मी असं लिहिलं आहे, तपासून द्यावं.

'विलीनीकरणानंतर सौभाग्यच्या भगिनी धुळे शाखेत रुजू झाल्या त्या स्वतःचा माठ घेऊन. शाखेच्या दोन टोकांना दोन तिवया होत्या आणि त्यांवर दोन माठ. एक आमचा, एक त्यांचा. हिलाल दोन्ही एकाच नळावरून भरी, तरी आमच्या माठाचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे आणि त्यांच्याचं आमच्या. मुख्य कार्यालयानं परिपत्रक काढून विलीनीकरण पूर्ण झाल्याचं कळवलं होतं. माठांना ते मिळालं नव्हतं. एका मे महिन्यात, धुळ्याच्या त्या उन्हात, त्यांचा माठ तडकला. श्रीमती देवरे उठल्या, सगळी शाखा ओलांडून आल्या आणि आमच्या माठातून पेला भरून घेतला. नोटा मोजण्याचं यंत्रही थांबलं. उपशाखाधिकारी अभावितपणे म्हणाले, "मॅडम, तो आमचा..."'

उपशाखाधिकारी म्हणजे मी, हे लिहिलेलं नाही. इतिहासकारानं तटस्थ असावं.

तुम्ही पाणी पिऊन झाल्यावर पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "पानी बठ्ठं एकच शे साहेब. भांडं तेवढं येगळं."

पुढच्या आठवड्यात नवा माठ आला. शाखाधिकारी म्हणाले, आता एकच माठ पुरे, बँक एक झाली ना? तेव्हा तुम्ही आडव्या आलात. म्हणालात, दोन्ही राहतील, पण शेजारी शेजारी. एका लांब बाकावर दोन माठ आले. माझ्या मते विलीनीकरण त्या दिवशी झालं. पण तुमचा माठ का राहू दिलात, ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि तुम्ही ते आत्ता, या पत्रात सांगितलंत.

माहेरचं तुमचं नाव कोकिळा. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं सुलक्षणा लिहिलं गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नावानं हाक आली की तुम्ही मागे वळून बघायचात, कुणाला बोलावताहेत ते. "माझं विलीनीकरण तुमच्या बँकेच्या कितीतरी आधी झालंय, साहेब. तेव्हा कुणी परिपत्रकसुद्धा काढलं नाही." आणि त्याखाली: "आधी नाव गेलं, मग बँक गेली. आता सुरतला मी चंदनची मम्मी आणि खाली सोसायटीत सगळ्यांची बेन. पोरगा मायेनं नेतोय, नाही कसं म्हणू? पण आता कशातच विरघळायचा कंटाळा आलाय."

हे वाक्य मी इतिहासात घेतलेलं नाही. दुसरीकडे ठेवलं आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत: "राखीच्या दिवशी दरवर्षी तुमची रजा का असायची? मी ताट घेऊन सगळ्या शाखेला राखी बांधायची. शाखाधिकाऱ्यांना, हिलालभाऊंना, बंदूकवाल्या भाऊंना. तुमचीच खुर्ची रिकामी. एकदा ताप, एकदा मुक्ताईनगरची आत्या, आणि एकच दाढ तुम्ही दोन राख्यांना काढलीत."

हा प्रश्न वरिष्ठ कार्यालयाच्या विचाराधीन आहे.

आज दिव्यांची अवस. कणकेचे दिवे केले, फक्त दोनच. एकट्या माणसाला दोनसुद्धा जास्त होतात, पण एक केला तर बरा दिसत नाही.

आपला,
प्रेमराज भंगाळे


जळगाव
श्रावण शुद्ध अष्टमी, १ ऑगस्ट

कोकिळा,

हा मायना लिहायलाच सगळी सकाळ गेली. रागावला असाल तर इथेच थांबून पत्र परत पाठवा; मी पोस्टावर ढकलीन.

नानांनी माठाचं प्रकरण तपासून दिलं. आधी म्हणाले, "बँकेच्या इतिहासात माठ? लोक म्हणतील यांच्याकडे साधं फिल्टरचं पाणी नव्हतं." मी अडून बसलो. मी अडून बसलेला नानांनी कधी पाहिला नव्हता, म्हणून ते घाबरले आणि तडजोड झाली. प्रकरण राहिलं, पण 'माठ' जाऊन तिथे 'शीतपेयजल व्यवस्था' आलं. तेव्हा आता छापील इतिहासात असं वाचा: श्रीमती देवरे आमच्या शीतपेयजल व्यवस्थेकडे आल्या. संस्कृतचा बँकेला झालेला हा एकमेव उपयोग, आणि तोही माझ्या हातून नाही.

तुमचं दुसरं पत्र छोटं होतं. "सामान बांधायला घेतलंय. माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही." एवढंच. तेव्हा वरिष्ठ कार्यालयानं विचार पूर्ण केला आहे.

शाखेत तुम्हाला सगळे ताई म्हणायचे. गिऱ्हाईक, शिपाई, ऑडिटला येणारे पाहुणेसुद्धा. मी मॅडम म्हणायचो. सगळ्यांना वाटायचं, भंगाळे साहेब शिष्ट, संस्कृतवाले. पण मला ताई म्हणता येईना. माझ्यासारख्या शब्दांवर वाढलेल्या माणसाची ही अडचण असते. एकदा म्हटलं की ते होतं. तुमच्या हातची राखी एकदा मनगटावर बसली, की पुढचे सगळे दरवाजे मी स्वतःच्या हातानं लावून घेतले असते. म्हणून ताप, म्हणून आत्या. दाढ खरोखर एकदाच काढली. दुसऱ्यांदा नुसती धरून बसलो होतो.

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं विचाराल. स्थळं पाहायच्या वयात माझ्याकडे पाहुणे यायचे, संस्कृतचा एम. ए. ऐकायचे आणि पोहे संपवून उठायचे. पुढे आईचं आजारपण. आणि तुम्ही होता त्या ठिकाणी इतक्या पूर्ण दिसायच्या, मुलगा वाढवणाऱ्या, सासू सांभाळणाऱ्या, माठासाठी भांडणाऱ्या, की तिथे माझी जागा कुठे, हे मला दिसायचं नाही. विलीन व्हा असं तुम्हाला म्हणायचं धाडस नव्हतं. दुसरा शब्द सापडत नव्हता.

तो आता सापडला. हसू नका, व्याकरणातला आहे.

मराठीत एक आणि अनेक, अशी दोनच वचनं. संस्कृतात मध्ये आणखी एक आहे, फक्त दोघांसाठी. द्विवचन. आणि गंमत पाहा, ज्या संधीनं मी तुमचं डोकं खाल्लं, तिला या द्विवचनापाशी थांबावं लागतं. द्विवचनाची काही रूपं अशी आहेत की ती पुढच्या शब्दात मिसळत नाहीत. शेजारी कुणीही येवो, दोन्ही शब्द आपापल्या जागी अखंड राहतात. 'ही दोन भांडी' याला संस्कृतात म्हणतात, पात्रे इमे. इतर ठिकाणी त्या 'ए'चं काहीतरी झालंच असतं. इथे होत नाही. दोन आहेत म्हणून होत नाही. इतकी वर्षं मी हा नियम पाठ म्हणतो आहे आणि त्याचा अर्थ धुळे शाखेच्या बाकावर ठेवलेला होता.

म्हणून विचारतो. नाव बदलू नका. सुलक्षणा ठेवा, कोकिळा घ्या, दोन्ही घ्या. घर सोडू नका. मी पुढच्या वर्षी रिटायर होतो. जळगावात माझं म्हणावं असं एक कपाट आणि काही पोथ्या आहेत, त्या पारोळ्यावरून धुळ्याला यायला एक टेम्पो पुरे. तुमच्या ओट्यावर लांब बाक मावतो, हे मी हिलालकडून माहीत करून घेतलं आहे. का विचारतो, हे त्याला सांगितलं नाही, तो म्हणाला, "मी बी नही विचारस." सुरतला हवं तेव्हा जा, हवं तितकं राहा, नातवाला खेळवा. पण पाहुण्या म्हणून जा. चंदनला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. नको वाटलं तर काहीच सांगायची गरज पडणार नाही, कारण मग सांगण्यासारखं काही उरणारच नाही.

राखी यंदा दुसऱ्या शनिवारी आली आहे. बँकच बंद, रजा टाकायची सोय देवानंच काढून घेतली. मी त्या दिवशी धुळ्याला येतो. दारात ताट दिसलं, तर मी मनगट पुढे करीन. अगदी मनापासून करीन, आणि त्या क्षणापासून ताई म्हणेन, आणि तुमच्या सामानाच्या गाडीला दोरी बांधायला हिलालच्या जोडीला उभा राहीन. ताट नसेल, तर पाणी द्या.

कोणत्या माठातलं, ते विचारणार नाही.

कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

तुमचा, किंवा तुमचा भाऊ, हे तुम्ही ठरवायचं,
प्रेमराज


धुळे
५ ऑगस्ट

प्रेमराज साहेब यांस,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. व्याकरणाचा भाग तिसऱ्यांदा वाचला, तरी अर्धाच कळला. पण भांडी कळली.

चंदनला फोन केला. सांगितलं की येते, पण महिनाभर, पाहुणी म्हणून. सामानाची गाडी नको, एक बॅग पुरे. तो म्हणाला, "काय झालं मम्मी?" म्हटलं, काही नाही, धुळ्याला माझा एक माठ राहिलाय. पोरगं बापासारखंच आहे, लगेच ओळखतं. म्हणालं, "तेच ते संस्कृतवाले काका का?" म्हणजे तुमच्या तटस्थतेमागचं आमच्या घरात लहान पोरालाही दिसत होतं. तुम्हालाच तेवढं वाटत होतं की झाकलंय.

टेम्पोची घाई करू नका. आधी रिटायर व्हा, तोवर सुट्टीच्या दिवशी येत जा. पोथ्या आणाल त्या बाहेरच्या खोलीत ठेवायच्या. वरण मी करीन, तुम्ही करपवता. माझं नाव माझंच राहील. आणि ओट्यावरच्या बाकाचं माप हिलालभाऊंकडून घेतलंत, ते चुकीचं आहे. त्यांनी अंदाजानं सांगितलं. दोन माठ बसतात, पण थोडे खेटून.

तुमच्या इतिहासात एक गोष्ट राहून गेली, ती आता घालू नका, तुम्हालाच सांगते. मी सगळ्या शाखेला भाऊ म्हणायची. तुम्हाला कधी म्हटलं नाही. माठापाशीसुद्धा साहेबच म्हटलं, आठवून बघा. दरवर्षी ताट घेऊन तुमच्या टेबलापर्यंत यायची, तेव्हा वाटायचं, आज हा माणूस खुर्चीत असला तर काय करू? बांधावी तर लागेल, सगळे बघताहेत. आणि तुमची खुर्ची रिकामी दिसली की मला बरं वाटायचं.

शनिवारी या. जिना नाही, गुडघ्याला त्रास होणार नाही. राखी आणलेली नाही. माठ आजच भरून ठेवलेत.

कुणाचीच ताई नसलेली, तुमच्यापुरती तरी,
कोकिळा